फितूर कोणास म्हणावे? : बारभाई-रघुनाथराव संघर्षातील गुप्तकार्याची भाषा

१. विषय आणि त्याची मर्यादा

दोन परक्या सत्तांच्या युद्धात हेरगिरी ही युद्धाची एक शाखा असते; गृहयुद्धात मात्र ती पुष्कळदा युद्धाचा गाभाच होऊन बसते. ह्याचे कारण उघड आहे. परक्या शत्रूच्या गोटात शिरावयाचे म्हणजे वेश, भाषा आणि रीतिरिवाज ह्या तिहींचे सोंग आणावे लागते. गृहयुद्धात दोन्ही पक्षांची भाषा एक, लिपी एक, नातीगोती एक. कालपर्यंत एकाच सदरेवर बसून ज्यांनी मसलती केल्या, तीच माणसे आज परस्परांविरुद्ध उभी असतात. अशा युद्धात शत्रूची पिछाडी दूर कोठे नसते. ती आपल्याच वाड्यात आणि आपल्याच फडावर असते.

मराठीत ह्या प्रकारास ‘भाऊबंदकी’ असा एक नेमका शब्द आहे. शेताच्या बांधावरून होणाऱ्या तंट्यासही तो लागतो आणि गादीवरून होणाऱ्या युद्धासही लागतो. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली नारायणराव पेशव्यांच्या वधावरील आपल्या नाटकास हेच नाव दिले, ते सर्वथा यथार्थ होय. त्या वधापासून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललेला बारभाई आणि रघुनाथराव ह्यांचा संघर्ष हे मराठी माणसांचे, मराठीतून आणि मोडी लिपीतून लढले गेलेले गृहयुद्ध होते. पुढे इंग्रज त्यात उतरल्यामुळे त्यास पहिले इंग्रज-मराठा युद्ध असे नाव मिळाले; तथापि त्याचा उगम घरातला आहे, हे विसरता येत नाही.

हे घर काही अंशी नाशिकचेही होते. नाशिकनजीक गोदेच्या काठी असलेली आनंदवल्ली हे रघुनाथरावांचे आवडते निवासस्थान. थोरल्या माधवरावांशी बिनसल्यानंतर त्यांनी जमविलेल्या फौजेचा १७६८ च्या जूनमध्ये पराभव झाला, तो चांदवड भागातील धोडप किल्ल्यापाशी. पुढे १७९४ साली आनंदीबाईंचा अंत झाला तोही आनंदवल्लीस. आज आनंदवल्ली नाशिक शहरातच सामावलेली आहे.

ह्या संघर्षाचा राजकीय इतिहास थोर संशोधकांनी लिहिलेला आहे. तो पुन्हा सांगणे हा येथे हेतू नाही. गुप्तकार्य ज्या भाषेत चालले त्या भाषेचे स्वरूप काय होते, आणि त्या भाषेतील जे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत त्यांस संशोधनात पुरावा म्हणून किती मोल द्यावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

२. संघर्षाची रूपरेषा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. रघुनाथराव त्या वेळी त्याच वाड्यात नजरकैदेत होते. वधानंतर पेशवाई त्यांच्याकडे आली. परंतु नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, आणि येथेच प्रतिपक्षास आधार सापडला. सखाराम बापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस इत्यादी कारभारी मंडळींनी १७७४ च्या जानेवारीत गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. हेच ते बारभाई. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला आणि त्यात पेठे कामास आले. पण १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि पारडे फिरले. रघुनाथराव उत्तरेकडे व तेथून गुजरातेत गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. पुरंदरचा तह १७७६ च्या मार्चमध्ये, वडगावचा करार १७७९ च्या जानेवारीत आणि सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला. १७८३ च्या डिसेंबरात रघुनाथराव कोपरगाव येथे निवर्तले.

ह्या नऊ वर्षांत रणांगणावरील मोठ्या लढाया मोजक्याच झाल्या. उरलेला सारा काळ पत्रे, जासूद, किल्लेदारांची मने वळविणे, सरदारांना फोडणे आणि फुटलेल्यांना परत जोडणे ह्यांत गेला. म्हणूनच ह्या युद्धाचा अभ्यास हा बव्हंशी पत्रांचा अभ्यास ठरतो.

३. हेरांचे शब्द

मराठीतील हेरविषयक शब्दसंपत्ती दोन थरांची आहे. पहिला थर आर्य भाषांच्या परंपरेतला. ऋग्वेदात वरुणाचे हेर येतात त्यांस ‘स्पश्’ म्हटले आहे. ‘पाहणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूशी तो सगोत्र आहे, आणि इंग्रजीतील हेरवाचक ‘स्पाय’ हा शब्दही त्याच कुळातला. कौटिल्याने ‘गूढपुरुष’ असा व्यापक शब्द योजून त्यांचे ‘संस्था’ म्हणजे एका जागी राहणारे आणि ‘संचार’ म्हणजे हिंडते असे दोन वर्ग केले. मराठी ‘हेर’ मात्र ‘हेरणे’ ह्या क्रियापदाशी निगडित आहे. संस्कृत कोशांत ‘हेरिक’ हा शब्द हेर ह्याच अर्थाने आढळतो. परंतु त्याची ठेवण पाहता तो लोकभाषेतून संस्कृतात गेला असावा असे वाटते. पाहणे, न्याहाळणे हाच भाव येथेही मुळाशी आहे.

दुसरा थर फारसी-अरबी. ‘नजरबाज’ ह्या फारसी शब्दातही दृष्टीच आहे. ‘हरकारा’ म्हणजे मूळ अर्थाने पडेल ते काम करणारा. सर्वांत उद्बोधक शब्द ‘जासूद’. अरबी ‘जासूस’ हे त्याचे मूळ. त्या धातूचा अर्थ चाचपून पाहणे असा आहे. मराठीत येताना अंत्य ‘स’चा ‘द’ झाला. हा वर्णबदल ध्वनिनियमाने समजावून देता येत नाही. ‘कासीद’ म्हणजे पत्रवाहक ह्या शब्दाच्या सहवासाने तो घडला असावा, असा आमचा तर्क आहे. अर्थाची वाटचालही ह्या तर्कास पोषक आहे. सभासदाच्या बखरीत बहिर्जी नाईक जासुदांचा नाईक म्हणून येतो, तेथे हेराचा अर्थ जिवंत आहे. पेशवेकालीन पत्रांत मात्र ‘जासूद’ बहुधा पत्र पोचविणारा म्हणून येतो आणि ‘जासूद जोडी’ असा द्विवचनी प्रयोग रूढ झालेला दिसतो. दोघांस बरोबर पाठविण्यात वाटेतील संकटापासून संरक्षण होते, आणि एकाच्या सांगण्यास दुसऱ्याची साक्षही मिळते.

हेर आणि पत्रवाहक ह्यांसाठी एकच शब्द असणे ही आकस्मिक गोष्ट नव्हे. जो पत्र घेऊन जातो तो जाता-येता पाहतो, ऐकतो आणि परत येऊन सांगतो. पत्र हे त्याच्या प्रवासाचे निमित्त, बातमी हे त्याचे फलित.

४. भाषा एक, पक्ष दोन

गुप्ततेच्या दृष्टीने परकीय युद्ध आणि गृहयुद्ध ह्यांतील भेद स्पष्ट व्हावा म्हणून उत्तर पेशवाईतील एक प्रसंग येथे देणे इष्ट आहे. १८१५ साली गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे ह्यांस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा होता; हेतू हा की, एतद्देशीय शिपाई फितू नयेत. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटले. तटाखाली घोड्याची चाकरी करणाऱ्या एका मोतद्दाराने गाण्याच्या मिषाने त्यांना पळण्याची सिद्धता कळविली, आणि पहारेकऱ्यांस मराठी येत नसल्यामुळे त्यांना ते केवळ गाणेच वाटले, अशी हकीकत त्या काळापासून सांगितली जाते. त्रिंबकजी पुढे १८१८ साली निफाडजवळ अहेरगाव येथे पुन्हा पकडले गेले. फितुरी टाळण्यासाठी योजलेला परभाषी पहाराच येथे गुप्त संदेशाची वाट मोकळी करून गेला, कारण मराठी भाषा हीच त्या मोतद्दाराची सांकेतिक लिपी होती.

बारभाईंच्या युद्धात अशी सोय नव्हती. शनिवारवाड्याखाली कोणी गाते तर प्रत्येक पहारेकऱ्यास त्यातील शब्दन् शब्द समजला असता. आपल्याच भाषेत आपल्याच माणसांपासून गुपित राखावयाचे, ही गृहयुद्धाची खरी अडचण असते. इतरत्रही हेच दिसते. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवीत जॉन वॉलिस हा गणितज्ञ राजपक्षाची सांकेतिक पत्रे पार्लमेंटसाठी उलगडून देत असे. नेझ्बीच्या लढाईनंतर १६४५ साली हाती लागलेली राजाची खासगी पत्रे तर पार्लमेंटने छापूनच प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या यादवीत (१८६१-६५) उत्तरेकडील तारखात्याने वाक्यातील शब्दांची जागा ठरलेल्या क्रमाने बदलून संदेश पाठविण्याची रीत वापरली. भाषा समान असली की कृत्रिम आडपडदा उभारावा लागतो.

आपल्याकडे अशा आडपडद्यांची परंपरा जुनी आहे, आणि ती वर्णमालेच्या शास्त्रीय मांडणीवर उभी आहे, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला आहे. तिच्यावरील जयमंगला टीकेत ‘मूलदेवीय’ म्हणून एक पद्धती दिली आहे: ‘अ’च्या जागी ‘क’, ‘ख’च्या जागी ‘ग’, ‘च’च्या जागी ‘ट’, ‘त’च्या जागी ‘प’, ‘य’च्या जागी ‘श’, आणि ह्याच्या उलटही. करपल्लवीत हाताच्या एकेका मुद्रेने वर्ग दाखवावयाचा, बोटांच्या संख्येने वर्गातील वर्ण सांगावयाचा आणि मग स्वर सुचवावयाचा. ज्याला कंठ्य-तालव्यादी वर्ग पाठ आहेत त्यालाच ही भाषा बोलता येते. म्हणजे येथे व्याकरणच कुलूप आणि व्याकरणच किल्ली. मुलांची ‘च’ची भाषा ह्याच जातीची. ‘घरी’चे ‘चरीघ’ करणारे मूल पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवते आणि त्याच्या जागी ‘च’ बसविते. सुटा व्यंजनवर्ण ते उचलीत नाही. आपल्या भाषिकांच्या मनात अक्षर हे एकक किती दृढ आहे, ह्याचा हा सहज मिळणारा पुरावा होय.

५. पत्राचे संरक्षण

पेशवेकालीन पत्रलेखकांचा खरा भर मात्र संकेतलिपीपेक्षा पत्रव्यवहाराच्या रीतीवर होता. ही रीत बारकाईने पाहिली म्हणजे तिचे अनेक विशेष केवळ शिष्टाचाराचे नसून संरक्षणाचे आहेत, हे कळून येते.

पहिला विशेष असा की, महत्त्वाची गोष्ट पत्रात लिहावयाचीच नाही. ‘मुखजबानीवरून कळेल’ अशा अर्थाचे वाक्य घालून लेखक थांबतो. मजकूर पत्रवाहकाच्या तोंडी असतो आणि पत्र हे केवळ त्याच्या विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र ठरते. दुसरा विशेष पुरवणीचा. मुख्य पत्र चारचौघांत वाचण्याजोगे ठेवून नाजूक मजकूर वेगळ्या पुरवणीत घातला जाई. तिसरा विशेष, पत्र वाचून फाडून टाकण्याची सूचना. येथे संशोधकाने क्षणभर थांबावे. अशी सूचना असलेले जे जे पत्र आज आपल्या हाती आहे, ते ते आज्ञाभंगामुळे उरलेले आहे. कोणीतरी ते फाडले नाही, आणि बहुधा उद्या उपयोगी पडेल म्हणूनच फाडले नाही. आपली साधने ही अशी सावध माणसांच्या अविश्वासातून जमलेली आहेत.

चौथा विशेष हस्ताक्षराचा. पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा असला तरी धन्याच्या स्वतःच्या हातच्या दोन ओळी त्यात असल्या म्हणजे त्यास वेगळे वजन येई. ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द आज आपण काहीशा थट्टेने वापरतो. त्या काळी तो कागदाच्या खरेपणाचा निकष होता. पाचवा विशेष मोर्तबाचा. मजकूर संपला तेथे मोर्तब उमटवावयाचे, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही वाढविता येऊ नये. शिवकालीन मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत असे आहेत: ही मर्यादा आहे, येथे लेखन संपले.

आता ह्या व्यवस्थेतील उणीव पाहा. मोर्तब पत्राच्या शेवटाचे रक्षण करते, शिक्का त्याच्या आरंभाचे करतो, हस्ताक्षर लेखकाची ओळख पटविते. पण मजकुराच्या पोटातील एखादे अक्षर कोणी बदलले तर? मोडीत शिरोरेषा आधी आखून तिला अक्षरे लोंबविली जातात, शब्दांमध्ये अंतर नसते, विरामचिन्हे नसतात. पोटातील अक्षरास संदर्भावाचून दुसरा राखणदार नाही.

६. ‘ध’ आणि ‘मा’

‘ध चा मा करणे’ ह्या वाक्प्रचाराने नेमक्या ह्याच उणिवेवर बोट ठेवले आहे. रघुनाथरावांनी गारद्यांस नारायणरावांना ‘धरावे’ असे लिहून दिले, आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, अशी ही कथा. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती दिली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीत तो कागद मिळविल्याचे आणि आनंदीबाईंनीच तो बदल केला असा सार्वत्रिक समज असल्याचेही तेथे म्हटले आहे. वध आणि हे लेखन ह्यांत ५३ वर्षांचे अंतर आहे. मूळ कागद आज संशोधकांपुढे नाही. इतका गाजलेला पुरावा आपणास केवळ कथेच्या रूपाने उपलब्ध आहे.

कागद नसता भाषाशास्त्रज्ञास काय सांगता येईल? तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, हा बदल भाषिक दृष्ट्या शक्य कोटीतला आहे. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ ह्यांत एकाच अक्षराचा फरक; उरलेला ‘-रावे’ हा भाग समान. ‘नारायणरावांस’ अशी विभक्ती असल्यामुळे प्रयोग भावे, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. म्हणून धातू बदलला तरी वाक्यात अन्यत्र काहीही दुरुस्त करावे लागत नाही. दुसरी गोष्ट, हा बदल कथेत सुचविला जातो तितका सोपा मात्र नाही. केवळ एखादी रेघ ओढून तो साधत नाही. अक्षरच पालटून त्यास काना द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेशवेकालीन आज्ञापत्रांत कनिष्ठास हुकूम करताना ‘करणे’, ‘पाठविणे’, ‘देणे’ अशी ‘-णे’ प्रत्ययान्त रूपे विपुल आढळतात. ‘-आवे’ रूपात आदराची छटा अधिक. ‘-आवे’ रूपेही आज्ञेत येतात, म्हणून एवढ्यावरून कथा खोटी ठरत नाही. परंतु कथेतील शब्द हे मूळ कागदाचेच शब्द होत, असे मानण्यास हा पुरावा अपुरा आहे. ‘धरणे’चे ‘मारणे’ केले असते तरी कथा तशीच राहिली असती. लोकांनी कागद आठवणीत ठेवला नाही. त्यांनी एक अक्षर आठवणीत ठेवले.

ह्या अक्षराने काय साधले तेही पाहणे अवश्य आहे. कथा खरी मानली तर रघुनाथराव केवळ अटकेचे अपराधी ठरतात आणि वधाचा भार त्यांच्या पत्नीवर जातो. पुतण्याच्या खुनापेक्षा पुतण्याची कैद हा सौम्य अपराध. मराठी समाजास पेशव्यांच्या घरातील पुरुषावर खुनाचा पूर्ण आरोप ठेवण्यापेक्षा अंतःपुरातील स्त्रीवर तो ठेवणे सोयीचे वाटले असावे, अशी शंका घेण्यास येथे जागा आहे. आनंदीबाई निर्दोष होत्या, असे आमचे म्हणणे नाही. वाक्प्रचार हा निवाडा नव्हे, आणि अडीचशे वर्षे तो निवाड्यासारखा वापरला गेला आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

७. घातपात

पत्रांचे युद्ध पत्रांतच संपत नाही. प्रतिपक्षाच्या पिछाडीस प्रत्यक्ष घातपात घडविण्याचे दोन ठळक प्रकार ह्या संघर्षात दिसतात.

पहिला प्रकार सत्तेच्या अधिष्ठानावरच घाला घालण्याचा. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे सोंग घेतलेला एक तोतया रत्नागिरीस कैदेत होता. १७७६ साली तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनी त्यास मुक्त करून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले, लोक त्यास मिळू लागले, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना काही महिने घोर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पकडला जाऊन मारला गेला. एक अक्षर बदलल्याने कागद बदलतो, तसे एक नाव बदलल्याने माणूस बदलतो. ओळख पटविण्याची साधने दुर्बळ असली म्हणजे दोन्ही प्रकार संभवतात.

दुसरा प्रकार रसद तोडण्याचा. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकरांची सुमारे ३,९०० सैनिकांची फौज रघुनाथरावांना पुण्यास बसविण्यासाठी निघाली. घाट चढून वर गेले की रघुनाथरावांचे पक्षपाती येऊन मिळतील, अशा भरवशावर ही मोहीम आखली होती. हा भरवसा अगदीच निराधार नव्हता; नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस आणि सखाराम बापू ह्यांनी रघुनाथरावांशी संधान बांधलेलेच होते. परंतु मोरोबा १७७८ च्या जुलैतच कैदेत पडले होते. पत्रांत दिलेली वचने आणि प्रत्यक्ष परिस्थिती ह्यांत काही महिन्यांचे अंतर पडले, आणि त्या अंतरातच मोहीम बुडाली. ९ जानेवारी १७७९ रोजी फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव ओस आणि जाळलेले होते; धान्य नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी असल्याची वार्ता आली. कोणी येऊन मिळाले नाही. माघार घेताना फौज वडगावास कोंडली गेली आणि करार करणे भाग पडले. त्याच वर्षी बापूंच्या लिखित संधानाचा पुरावा पुढे येऊन तेही कैदेत गेले. १७८१ साली रायगडावर त्यांचा अंत झाला.

तळेगाव जाळणे हा यशस्वी डाव म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. परंतु जाळले गेले ते गाव आपलेच होते, आणि थंडीच्या दिवसांत घराबाहेर पडली ती माणसेही आपलीच होती. गृहयुद्धातील घातपाताचा हिशेब असा दोन्हीकडून आपल्याच खाती मांडावा लागतो.

८. विजेत्याचे शब्द

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. ‘फितूर’ हा शब्द अरबी-फारसी ‘फुतूर’ ह्यापासून आला. मूळ अर्थ ढिलाई, क्षीणता. त्यातून बिघाड, मग बखेडा. मराठीत तो ‘शत्रूस मिळणे’ येथवर पोचला. दोर सैल झाल्याचा शब्द निष्ठा सैल झाल्यास लावला गेला, हे अर्थांतर सुरेख आहे. उलट ‘मसलत’ ह्याच्या मुळाशी हित, भले असा भाव आहे. दोन्ही शब्द त्या काळच्या पत्रांत शेजारी-शेजारी नांदतात. फरक कोणता? सखाराम बापू रघुनाथरावांचे जुने हितचिंतक होते. त्यांनी रघुनाथरावांविरुद्ध नानांशी गुप्त खलबत केले तेव्हा ती बारभाईंची मसलत ठरली. त्यांनी नानांविरुद्ध रघुनाथरावांशी गुप्त पत्रव्यवहार केला तेव्हा तो फितूर ठरला. कृती तीच, माणूस तोच, कागदही तशाच प्रकारचा. शब्द बदलला तो दप्तर कोणाच्या हाती राहिले ह्यावरून.

‘राजकारण’ शब्दाचा प्रवासही असाच बोलका आहे. जुन्या कागदांत तो गुप्त बोलणी, शत्रुपक्षाशी लावलेले संधान ह्या अर्थाने येतो. आज तो सर्व सार्वजनिक व्यवहारास लागतो. ‘कारस्थानी’ हे विशेषण एकोणिसाव्या शतकातील चरित्रकार नानांच्या गौरवार्थ योजीत. आज त्यात दूषणच उरले आहे. विसाव्या शतकात ह्या कुळात ‘पंचमस्तंभी’ हा शब्द आला. तो स्पेनच्या यादवीतला. १९३६ साली माद्रिदवर चार फौजी स्तंभ चालून जात असता पाचवा स्तंभ शहरातच आहे, अशा अर्थाचे उद्गार जनरल मोला ह्यांच्या नावे सांगितले जातात. मूळ शब्दात स्वपक्षीयांची फुशारकी होती. सर्व भाषांत तो पसरला तो मात्र शिवी म्हणून.

ह्यावरून एक पद्धतिविषयक नियम सांगता येतो. गृहयुद्धातून निघालेला शब्द हा त्या युद्धाचा तटस्थ साक्षी कधीच नसतो. तो एका पक्षाचा वकील असतो. फितूर, घरभेद्या, मसलत ह्यांपैकी कोणताही शब्द साधनात आढळला की पहिला प्रश्न विचारावा: हे पत्र कोणाचे आणि ते कोणाच्या दप्तरात मिळाले? मेणवलीचे दप्तर हे नानांचे दप्तर आहे. पेशवे दप्तर हे ज्यांची सत्ता टिकली त्यांचे दप्तर आहे. आनंदवल्लीस बसून लिहिलेल्या पत्रांचे असे एकत्र दप्तर आपल्यासमोर नाही, आणि ‘ध चा मा’च्या कथेस उत्तर म्हणून आनंदीबाईंचा स्वतःचा एकही शब्द रूढ भाषेत उरलेला नाही.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड प्रसिद्ध केले, तेव्हा बखरीपेक्षा अस्सल पत्रास अधिक प्रामाण्य द्यावे ही शिस्त महाराष्ट्रास लागली. त्या शिस्तीची पुढची पायरी अशी की, अस्सल पत्रातील शब्दांचीही साक्ष तपासून घ्यावी. पत्र खरे असू शकते, हस्ताक्षर खरे असू शकते, मोर्तब जागच्या जागी असू शकते. तरीही ज्या माणसास त्यात फितूर म्हटले आहे तो फितूर होता की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. कौटिल्याने तीन स्वतंत्र हेरांचे सांगणे जुळल्यावाचून बातमी खरी मानू नये असे सांगितले. शब्दांनाही तोच नियम लावावयास हरकत नाही.